जुना स्टॉक की नवा लोकल? फियाटच्या ब्रेकचा माल घेताना

जुन्या फियाटसाठी व्हील सिलिंडर (चाकापाशी ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणारी छोटी दट्ट्याची नळी) मागितला की दुकानदार काउंटरवर दोन खोकी ठेवतो. एक पिवळं पडलेलं, कोपरे झिजलेलं. ‘ओरिजिनल आहे साहेब, कंपनीचा माल, परत मिळायचा नाही.’ दुसरं चकचकीत, किंमत बरीच कमी. दोन्ही माल ‘नवीन’ म्हणूनच विकला जातो, आणि ते खोटंही नाही. दोन्ही कधी गाडीला लागलेले नाहीत. पहिला म्हणजे न्यू ओल्ड स्टॉक, जाणकारांच्या भाषेत एनओएस: गाडी बनत होती त्या काळात तयार झालेला आणि गोदामात पडून राहिलेला. दुसरा आजच्या कारखान्यात जुन्या नमुन्यावरून काढलेला. बाजार त्याला ‘लोकल’ म्हणून मोकळा होतो.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून ११०० डिलाइट निघाली, तिचीच पुढे पद्मिनी झाली. मुंबईत या गाड्यांच्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होत्या, म्हणून दोन्ही तऱ्हांचा माल कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत शोधला तर अजून हाती लागतो. हौशी मालकांचा ओढा साहजिकच पिवळ्या खोक्याकडे. माझं मत विचाराल तर ब्रेकच्या बाबतीत खोक्याकडे बघूच नये. आतल्या वस्तूत रबर आहे की धातू, एवढं बघावं.

रबर असेल तर जुना स्टॉक नको. सीलबंद असला तरी नको. गाडीला न लागताही रबर म्हातारं होतं; हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला कडक करत राहतात. सिलिंडरमधला कप, म्हणजे ऑइल अडवणारी रबरी वाटी, हातात घ्या, त्याची पातळ कड नखाने बाहेरच्या बाजूला वाकवा आणि उजेडात धरा. केसासारख्या बारीक चिरा दिसल्या तर तो कप कितीही ‘कंपनीचा’ असो, कचऱ्यात. पायाचा दाब अडवून धरते ती हीच कड. साठच्या दशकातल्या गाड्यांत सहसा चारही चाकांना एकाच सर्किटमधून दाब जातो, म्हणजे एका चाकाचा कप फाटला की पेडल थेट तळाला.

होज पाइप, म्हणजे चाकापर्यंत ब्रेक ऑइल नेणारी रबरी नळी, तर त्याहून लबाड. बाहेरून ठणठणीत दिसतो, आतला थर मात्र फुगून वाट अरुंद करतो. पायाच्या जोराने ऑइल पुढे ढकललं जातं, पण पाय काढल्यावर मागे येत नाही. ब्रेक लागलेलाच राहतो, चाकाबरोबर फिरणारा ड्रम तापतो आणि मेकॅनिक बिचारा त्याला आतून दाबणाऱ्या शूची स्प्रिंग बदलत बसतो. म्हणून कप, डस्ट कव्हर, होज आजच्या तारखेचेच घ्यावेत. बसवताना साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू देऊ नका, त्याने रबर फुगतं. ताजं ब्रेक ऑइल पुरतं.

धातूचं गणित उलटं. सिलिंडरची बॉडी, ड्रम, बॅकप्लेट (ड्रममागची तबकडी) यांत जुना स्टॉक खरोखर सरस ठरू शकतो. लोकल ड्रम नीट गोल नसेल तर ब्रेक दाबताना पेडल पायाखाली थरथरतं. जुन्या ड्रमवरचा वरवरचा गंज लेथवर निघून जातो. सिलिंडरच्या आत मात्र टॉर्च मारून बघायचं: डाग चालतील, खड्डे चालणार नाहीत. खड्डे असतील तर होनिंग करून (आतून घासून) बोअर, म्हणजे आतला व्यास, वाढवत नेण्यात अर्थ नाही, कारण मग मूळ मापाचा कप सैल बसतो. त्यापेक्षा चांगल्या लेथवाल्याकडून पितळेची किंवा स्टेनलेसची स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, घालून मूळ माप परत आणावं. म्हणजे बॉडी जुनी, रबराचं किट नवं. असला मिश्र संसारच बहुतेक वेळा उत्तम चालतो.

लायनर, म्हणजे शूवरचा घर्षणाचा थर, या दोन्हींच्या मधला. जुन्या स्टॉकच्या शूवरच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता दाट, आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक. शू ठेवा, लायनर आजचं लावून घ्या. जुना ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवायची गॅरेजची सवय त्या दिवशी तरी थांबवा, ओल्या फडक्याने पुसा.

आता खोकं खरंच जुनं आहे का? छपाई वाचा. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. पत्त्यात नुसता जुना विभाग क्रमांक, जसं ‘बॉम्बे-७०’, असेल तर खोकं त्याआधीचं किंवा त्या सुमाराचं. ‘मुंबई’ छापलं असेल तर १९९५ च्या अलीकडचं धरा. साठच्या दशकातला म्हणून विकल्या जाणाऱ्या मालावर जीएसटी क्रमांक दिसला तर दुकानदाराकडे बघून नुसतं हसावं. खोकं जुनं आणि माल नवा, हा प्रकारही चालतो, तेव्हा वस्तूवरचा छापही खोक्याशी ताडून बघा.

एक गोष्ट मात्र दोन्ही मालांत तपासायचीच: आटे. फियाट मेट्रिक, तर मॉरिससारख्या ब्रिटिश गाड्या इंचाच्या. ब्रेकच्या नळीचा ३/८ इंचाचा नट १० मिलिमीटरच्या भोकात सैलसर का होईना शिरतो, थोडा घट्टही झाल्यासारखा वाटतो आणि दाब आल्यावर सुटतो. नट आधी हाताने, पाना न लावता फिरवा. डगमगला तर माल परत.