हवानाचं कोलिसेओ: बातिस्ताने बांधलं, क्रांतीने वापरलं

विमानतळावरून रांचो बोयेरोस रस्त्याने हवानात शिरताना काँक्रीटचा एक प्रचंड गोल घुमट लक्ष वेधून घेतो. सियुदाद देपोर्तिवा या क्रीडासंकुलातलं हे कोलिसेओ, म्हणजे बंदिस्त क्रीडागृह. सुमारे ८८ मीटर व्यास, जवळपास पंधरा हजार प्रेक्षकांची सोय आणि मधे एकही खांब नाही.

वास्तुरचना निकोलास आरोयो आणि गाब्रिएला मेनेंदेस या पती-पत्नीची. आरोयो हुकूमशहा बातिस्ताच्या सरकारात सार्वजनिक बांधकाम मंत्री होते. राजवटीला ही वास्तू किती मोलाची होती, ते यावरून कळतं. १९५८च्या फेब्रुवारीत उद्घाटन झालं. क्युबात सारं आलबेल आहे, असं सरकारला जगाला दाखवायचं होतं. पण त्याच महिन्यात मोटार शर्यतीसाठी आलेल्या जगज्जेत्या फान्जिओला बंडखोर नेता फिदेल कास्त्रोच्या साथीदारांनी हॉटेलातून पळवलं आणि शर्यत उरकल्यावर सुखरूप सोडलं. सरकारची पुरती नाचक्की झाली.

१९५९च्या १ जानेवारीला बातिस्ता परागंदा झाला आणि सत्ता कास्त्रोच्या क्रांतिकारकांकडे आली. त्याच महिन्यात याच घुमटाखाली त्याचा लष्करी अधिकारी हेसुस सोसा ब्लांको याच्यावर हत्यांचा खटला उभा राहिला. हजारोंची गर्दी, परदेशी पत्रकार, टीव्हीचे कॅमेरे. लोक आरोपीवर ओरडत होते. त्याने या प्रकाराला रोमन सर्कस म्हटलं. आरोप भयंकर होते, लोकांचा संतापही खरा होता. तरी न्यायनिवाडा प्रेक्षागारात व्हायला नको होता, असं मला ठामपणे वाटतं. परदेशात टीकेची झोड उठली, तेव्हा खटला पुन्हा दुसरीकडे चालवला. मृत्युदंडाची शिक्षा मात्र तीच राहिली आणि फेब्रुवारीत त्याला गोळ्या घातल्या.

पुढे १९६१ साली इंदेर ही सरकारी क्रीडासंस्था स्थापन झाली आणि लवकरच व्यावसायिक खेळावर बंदी आली. होसे नापोलेस, शुगर रामोस यांच्यासारखे मुष्टियोद्धे मेक्सिकोला निघून गेले. मागे राहिलेल्यांना सरकारने हौशी खेळाडू म्हणून घडवलं. त्याचं फळ याच रिंगणात दिसलं. १९७४च्या ऑगस्टमध्ये हौशी मुष्टियुद्धाची पहिली जागतिक स्पर्धा इथे भरली आणि यजमानांनी पाच सुवर्णपदकं जिंकली. त्यातलं हेवीवेट गटातलं तेओफिलो स्टिव्हन्सनचं. १९७२, १९७६ आणि १९८० अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकणाऱ्या या बॉक्सरला अमेरिकेत व्यावसायिक लढतींसाठी मोठमोठ्या रकमा देऊ केल्या गेल्या. त्याने त्या शेवटपर्यंत नाकारल्या.