माळरान पडीक नाही, मेंढरं आणि लांडग्यांनी ते राखलंय

सासवड, जेजुरी, बारामती, इंदापूर साइडला जाताना जे पिवळं पडलेलं माळ दिसतं, त्याला सरकारी कागदात सरळ पडीक जमीन म्हणतात आणि मग कोणीतरी हौसेनं तिथे झाडं लावायला जातं. याचा मला खरंच त्रास होतो, कारण हे माळ पाऊस-मातीनं जितकं घडवलंय तितकंच गवत, मेंढरं, धनगर, शेतकरी आणि लांडगा यांनी मिळून घडवलंय.

मुळात तिथे पाऊस कमी, माती उथळ, म्हणून गवताचं राज्य. धनगर दिवाळीच्या सुमारास कळप घेऊन कोकणाकडे निघतात आणि पावसाळ्याआधी परत येतात, वाटेत शेतकरी म्हणतो, माझ्या रानात मेंढरं बसवा. रात्रभर कळप बसला की लेंड्या आणि मूत थेट मातीत, आणि बदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे. म्हणजे माळावरचं गवत खत होऊन शेतात पोचतं, तेही चार पायांवर चालत!

बाभळीचं तर भारीच आहे. उन्हाळ्यात शेळ्या-मेंढ्या शेंगा खातात, पण बी कडक, त्यामुळे बरंच रवंथ करताना बाहेर पडतं नाहीतर लेंडीतून जातं, आणि पोटातून गेलेल्या बियांचं कवच मऊ झालेलं असल्यामुळे त्या लवकर रुजतात. बांधावरच्या कित्येक बाभळी कोणी लावलेल्याच नाहीत.

आणि लांडगा? काळवीट, चिंकारा कमी झाले तसा तो बऱ्याच ठिकाणी मेंढरांवरच जगतो. कोकरू गेलं की धनगराचं नुकसान होतं, राग येतोच, कुत्री सोडली जातात, तरी काही जण लांडग्याचा वाटा म्हणून सोडूनही देतात. अभयारण्याच्या बाहेर लांडगा टिकलाय त्यात या लोकांचा हात मोठा आहे.

पूर्वी इथे घनदाट जंगल होतं, ते लोकांनी तोडलं, असं सर्रास सांगितलं जातं. पण जुन्या मराठी ओव्या आणि चरित्रांमधली झाडं गोळा करून अभ्यासकांनी दाखवलंय की किमान 750 वर्षांपासून हा पट्टा असाच उघडा, काटेरी झाडांचा आहे. पंढरपुरात संत कान्होपात्रेच्या कथेतलं तरटीचं झाड घ्या, उन्हात मोकळ्यावर वाढणारंच झाड ते.

गिरिपुष्प, सुबाभूळ अशी झाडं लावली की सावलीत कुसळी, पवन्या ही माळावरची गवतं मरतात, मग मेंढरांना चरायला काही नाही आणि काळवीटालाही नाही. झाडं लावायचीच असतील तर गावात लावा, रस्त्याकडेला लावा, बांधावर लावा. माळावर खड्डे खणण्याआधी तिथल्या मेंढपाळाला विचारा, कुठलं गवत कुठे उगवतं ते तो लगेच सांगेल.