पूरजंगल आणि मासे (ॲमेझॉन)

पूरजंगल म्हणजे नदीच्या पुरामुळे दरवर्षी काही महिने पाण्यात उभं राहणारं जंगल. ॲमेझॉनच्या खोऱ्यात अशी जंगलं लाखो चौरस किलोमीटरवर आहेत आणि तिथल्या गोड्या पाण्यातल्या माशांचं खाणं, लपणं, पिल्लं वाढणं बऱ्यापैकी त्यांच्याच जिवावर चालतं. या खोऱ्यात माशांच्या अडीच हजारांच्या आसपास जाती माहीत आहेत. एवढ्या माशांना नदी पोसते असं वाटतं, पण त्यातल्या कित्येकांना खरं तर झाडं पोसतात.

ब्राझीलमधल्या मनाउस शहराजवळ पाणी वर्षभरात सरासरी 10 मीटर वरखाली होतं. जूनच्या सुमारास सगळ्यात जास्त, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळ्यात कमी. पाणी चढलं की मासे नदी सोडून आडवे जंगलात शिरतात. आपल्याकडे कोकणात पहिल्या पावसाला चढणीचे मासे शेतात येतात ते अंडी घालायला, इथे येतात ते मुख्यतः चरायला, आणि मुक्काम दोनचार दिवसांचा नाही तर कित्येक महिन्यांचा. बऱ्याच झाडांची फळं नेमकी पुरातच पिकतात आणि खाली टपाटप पाण्यात पडतात, मासे झाडाखाली वाट बघत थांबलेलेच असतात.

यातला दादा मासा म्हणजे तांबाकी. मीटरभर लांब, 30 किलोपर्यंत भरणारा, आणि तोंडात चक्क दाढा! रबराच्या झाडाचं कडक बी, ताडाच्या जातीतल्या झाडांची टणक फळं तो कडाकडा फोडून खातो. पुरात खाऊन खाऊन अंगात चरबी साठवतो आणि पाणी ओसरल्यावर नदीत परत गेला की फारसं काही मिळत नाही तेव्हा त्याच चरबीवर दिवस काढतो. पाण्यात सडणाऱ्या पाल्यामुळे ऑक्सिजन फार कमी होतो, तेव्हा याचा खालचा ओठ सुजून पुढे येतो आणि तो पृष्ठभागावरचं, जरा जास्त ऑक्सिजनवालं पाणी कल्ल्यांकडे ओढून घेतो. मुंबई-पुण्याच्या बाजारात मिळणारा रूपचंद याच कुळातला, मूळचा तिकडचाच, बांगलादेशमार्गे आपल्याकडे आला आणि आता तळ्यात वाढवतात. घेताना तोंड उघडून बघा, माणसासारखे दात दिसतील. (पिरान्हासुद्धा याच कुळातला, पण बदनामी सगळी त्याच्याच वाट्याला.)

तिथल्या कोळ्यांना हे सगळं पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. गापोंगा नावाचा त्यांचा एक प्रकार असतो, काठीला दोरी आणि दोरीला गोळा, तो पाण्यावर आपटायचा, फळ पडल्यासारखा आवाज येतो आणि मासा गळाकडे येतो.

फळं न खाणाऱ्यांचंही जंगलाशिवाय भागत नाही. आरुआना नावाचा मासा पाण्यातून उडी मारून फांदीवरचे भुंगे, कोळी असले किडे उचलतो. नदी कशी आहे त्यावरही बरंच अवलंबून असतं. अँडीज पर्वतातून गाळ घेऊन येणारं गढूळ पाणी सुपीक, त्यामुळे तिथे शेवाळ, पाणगवत असं बाकीचं खाणंही भरपूर. रिओ नेग्रो या उपनदीचं पाणी मात्र चहाच्या रंगाचं, आम्लधर्मी आणि क्षारांच्या बाबतीत अगदी गरीब. तरी त्यात शेकडो जातींचे मासे आहेत, कारण फळं, किडे, पाला असं खाणं वरून, जंगलातून येतं. ॲक्वेरियमच्या दुकानात दिसणारा लालनिळा कार्डिनल टेट्रा याच नदीचा. छोट्या ओढ्यांमध्ये तर काठच्या झाडांची सावली पाणी थंड ठेवते आणि पडलेले ओंडके, पाचोळ्याचे ढीग म्हणजे लहान माशांची घरंच.

व्यवहार एकतर्फी नाही पण. मासे सगळंच बी चावत नाहीत, बरंचसं अख्खं गिळतात आणि लांब जाऊन टाकतात. पेरूमधल्या पाकाया-सामिरिया अभयारण्यातल्या 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तांबाकी बिया पाच किलोमीटरहून लांब नेऊ शकतो असं दिसलं. मोठा मासा जास्त बिया नेतो आणि मासेमारीत आधी मोठेच मासे जातात, म्हणजे अतिमासेमारीचा फटका फिरून झाडांनाही बसतो.

जंगल तुटलं की काय होतं ते ॲमेझॉनच्या खालच्या भागात दिसतं. 1930 च्या दशकात जपानी स्थलांतरितांनी भारतातून ज्यूटचं बी नेऊन पूरमैदानात लागवड सुरू केली, त्यासाठी झाडं गेली, ज्यूटचा धंदा बसल्यावर त्याच जमिनीवर गुरं आणि म्हशी आल्या. तिथल्या अलीकडच्या अभ्यासांत जिथे पूरजंगल जास्त उरलंय तिथे माशांचं वैविध्यही जास्त आढळलंय.

धरणांचा प्रकार वेगळा, तिथे झाडं उभी असतात पण पाणीच वेळेवर येत नाही. ॲमेझॉनला मिळणाऱ्या शिंगू नदीवरचं बेलो मोंटे धरण 2016 मध्ये वीज बनवायला लागलं आणि नदीच्या मोठ्या वळणावरचं बरंचसं पाणी कालव्याने वळवलं गेलं. त्या वळणावरच्या जंगलात आता पूर पुरेसा चढत नाही, फळं कोरड्या जमिनीवर पडतात, माशांना अंडी घालायच्या जागा मिळत नाहीत, आणि तिथले आदिवासी आणि कोळी जास्त पाणी सोडा म्हणून सरकारशी आणि धरणवाल्यांशी भांडतायत.