पार्श्वभूमी : दांड्यावरचे रोलर आणि त्यांचं तेलपाणी

गोव्यात मालीमहून किंवा वास्कोहून ग्रांदे बेटाच्या बाजूला हौसेने गरी टाकायला जाणाऱ्यांकडे हल्ली दोन तऱ्हेचे दांडे दिसतात. एकाच्या गाईडमध्ये, म्हणजे दोर ज्यातून ओवतात त्या चौकटीत, काळसर सिरॅमिकची कडी असते. दुसऱ्यात कडीच्या जागी धातूचा लहानसा रोलर फिरतो, आणि टोकालाही रोलरच असतो. हे रोलरवाले दांडे बहुधा घरातल्या कुणा तारवट्याने, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्याने, आणलेले किंवा आखातातून सामानाबरोबर आलेले असतात. दिसायला भारदस्त, पण हाताने फिरवून बघावेत तर दोन-तीन रोलर जाम.

जाम रोलर साध्या कडीपेक्षा वाईट. दोर त्याच्या एकाच जागेवरून घासत राहतो, तिथे खाच पडते आणि पुढचा मोठा मासा त्या खाचेवर दोर तोडून जातो. मग मुळात ही फिरती वस्तू दांड्यावर आली कशाला?

त्यासाठी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या सांता कॅटालिना बेटावर जावं लागतं. 1898 साली तिथे चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांनी दांडा आणि रीळ वापरून 183 पौंडांचा, म्हणजे सुमारे 83 किलोचा ट्यूना काढला आणि त्याच वर्षी ॲव्हलॉन गावात ट्यूना क्लब स्थापन झाला. तेव्हाच्या रिळाला ब्रेक नव्हता. मासा पळाला की रिळाची मूठ उलटी गरगरायची, बोटं सोलवटायची. दोर आवरायला चामड्याचा तुकडा अंगठ्याने फिरत्या रिळावर दाबायचा, एवढाच उपाय. अंगठ्याची ताकद ती किती? त्यामुळे दोरावर येणारा ताणही बेताचाच असे.

1913 मध्ये विल्यम बॉशेन यांनी कॅटालिनालाच 355 पौंडांचा स्वोर्डफिश मारला. त्यांच्या रिळात आतल्या आत घर्षणाचा ब्रेक होता, ज्याला आज आपण ड्रॅग म्हणतो. गाईडच्या कथेला खरी कलाटणी मिळाली ती इथे, असं माझं मत. ब्रेक आला तसा ताण वाढला, तासन्‌तास टिकू लागला, आणि तो सगळा भार गाईडांवर येऊन पडला. तोवर चांगल्या दांड्यांना अकीक दगडाच्या कड्या असत. अकीक कठीण आणि गुळगुळीत खरा, पण ठिसूळ. त्याला बारीक तडा गेला की लिननच्या, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या, दोराचे धागे त्यात अडकून तुटायला लागत.

तो लिननचा दोरही नाजूक प्रकरण होता. ओला झाला की ताकद वाढायची, पण न वाळवता गुंडाळून ठेवला तर कुजायचा. म्हणून परत आल्यावर सगळा दोर रिळावरून उलगडून धुवायचा आणि वाळवायचा, हे रोजचं काम असे. गोड्या पाण्याने धुण्याची शिस्त हौशी मच्छीमाराला लागली ती या दोरामुळे. नायलॉन आल्यावर दोराला तिची तितकीशी गरज उरली नाही आणि धातूचे भाग उघडे पडले.

रोलर रुळले ते दोन महायुद्धांच्या मधल्या काळात, आणि मुख्यतः टोकाला. कारण सोपं आहे. वाकलेल्या दांड्यावर दोर प्रत्येक गाईडपाशी थोडा वळतो, टोकापाशी सर्वांत जास्त वळतो. आणि जितकं वळण जास्त तितकं घर्षण जास्त. विहिरीवर दोर नुसता काठावरून ओढणं आणि कप्पीवरून ओढणं यात जो फरक, तोच इथे. 1939 मध्ये आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशनची स्थापना झाली आणि दोराच्या ताकदीप्रमाणे विक्रमांचे वर्ग ठरू लागले. विक्रम हवा तर दोर वाटेल तेवढा जाड करून चालेना. मग घर्षण कमी करणं हाच मार्ग राहिला. 1953 मध्ये पेरूच्या काबो ब्लांकोला आल्फ्रेड ग्लासेल यांनी 1,560 पौंडांचा, म्हणजे 707 किलोंचा काळा मार्लिन काढला. या आकड्यांच्या जगात साधी कडी पुरणार नव्हती. 1958 साली कॅलिफोर्नियात जे. सी. ॲक्सेलसन यांनी आफ्टको ही कंपनी काढली ती मुळात रोलर गाईडांसाठीच. 1973 मध्ये ती शेड कुटुंबाकडे गेली. मोठ्या माशांच्या दांड्यावरचा रोलर म्हटलं की आजही पुष्कळांना हेच नाव आधी आठवतं.

उतरती कळा दोन बाजूंनी लागली. 1980 च्या दशकात जपानच्या फुजी या गाईड बनवणाऱ्या कंपनीने सिलिकॉन कार्बाइड या सिरॅमिकच्या कड्या आणल्या. त्या अतिशय कठीण, उष्णता झटकन पसरवणाऱ्या, आणि त्यांत फिरणारं काही नसल्याने तेल-ग्रीसचा प्रश्नच नाही. मग 1990 च्या दशकात डायनीमासारख्या मजबूत कृत्रिम तंतूंचा विणलेला दोर आला. तो इतका बारीक की जुन्या रोलरच्या आणि चौकटीच्या फटीत शिरून अडकायचा. आता रोलरचा हक्काचा प्रांत म्हणजे जड ट्रोलिंग (चालत्या होडीमागे गरी ओढत नेणं), आणि धातूच्या तारेने खोल पाण्यात केलेली मासेमारी.

तेलाचा इतिहासही असाच वळणावळणाचा आहे. एकोणिसाव्या शतकात घड्याळं आणि शिवणयंत्रं यांसारख्या नाजूक यंत्रांना देवमाशाचं तेल घालत, कारण ते लवकर घट्ट होत नसे. अमेरिकेत 1970 मध्ये स्पर्म व्हेल हा देवमासा संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेला आणि ते तेल बाद झालं. 1953 मध्ये सॅन डिएगोत डब्ल्यूडी-40 तयार झालं. त्याच्या नावातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणे. वंगण म्हणून ते बनवलेलंच नव्हतं. तरी आपल्याकडे किनाऱ्यावरून आलं की दांड्यावर तोच फवारा मारून लोक मोकळे होतात. पाणी निघतं, जामलेला स्क्रूही सुटतो, पण मागे राहणारा थर इतका पातळ असतो की रोलरला त्याचा आधार फार दिवस पुरत नाही. खोबरेल तर नकोच. ते साधारण 24 अंशांखाली गोठतं, आणि डिसेंबरच्या पहाटे गोव्यात पारा सहज त्याखाली जातो.

असा एखादा जाम रोलर उघडून बघण्यासारखा असतो. बाजूचा स्क्रू काढला की पिन, पिनेवर पितळी किंवा ब्राँझचा बुश (पोकळ नळीचा तुकडा), बुशवर रोलर, दोन्हीकडे पातळ वॉशर. पिनेभोवती हिरवट कळंक असतो. चौकट ॲल्युमिनियमची असेल तर स्टीलच्या स्क्रूच्या आट्यांत पांढरी भुकटी भरलेली असते. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी आलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. बुशच्या आतल्या बाजूला मिठाचा खरखरीत थर हाताला लागतो.

गोव्यात हे लवकर होतं, आणि त्याचा दोष माशाला देता येत नाही. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं. आषाढात बरणीतलं जाडं मीठ पाझरतं ते त्यामुळेच. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, समुद्रही खवळलेला, म्हणून होडीवरचे दांडे नारळी पौर्णिमेपर्यंत कोपऱ्यात उभे राहतात. मे महिन्यात आत राहिलेलं मीठ तेवढे आठवडे ओलंच असतं. आपल्यासारखा पावसाळा नसलेल्या दक्षिण कॅलिफोर्नियात बेतलेल्या वस्तूला हा हंगाम जड जाणारच.

म्हणून खरी सफाई हवी ती मेअखेरीला. हंगामात परतल्यावर गोड्या पाण्याची हलकी धार आणि चिंधीने पुसणं पुरतं. नळीचा जोर लावला तर मीठ बुशमध्ये आणखी आत जातं. मेअखेरीला मात्र एकेक रोलर उघडावा. सगळे एकदम नको, सुटे भाग एकमेकांत मिसळले की पंचाईत. पिन आणि बुश पुसून कोरडे करावेत. बुशला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, स्क्रूच्या आट्यांना आऊटबोर्ड इंजिनासाठी मिळणाऱ्या मरीन ग्रीसचं बोट. ग्रीस रोलरभर थापू नये, त्यात वाळू चिकटते. तेल दिल्यावर दोराचा तुकडा प्रत्येक रोलरवरून ओढून पाहावा. रोलर फिरत नसेल आणि दोर नुसता घसरत असेल तर तो पुन्हा उघडायचा. खाच पडलेला असेल तर बदलायचा, घासून गुळगुळीत करत बसण्यात अर्थ नाही.

इसवण, तोणकी, अगदी मोडसो यांच्यासाठीही आपल्या किनाऱ्याजवळ रोलर लागतच नाहीत. नवा दांडा घेणाऱ्याने सिरॅमिकच्या कड्यांचाच घ्यावा. घरात आलेला जुना भारी दांडा असेल तर टोकाचा आणि रिळाजवळचा, हे दोन रोलर आधी तपासावेत. सगळ्यांत जास्त वळण टोकाला, आणि रिळावरून उडणारं खारं पाणी पहिल्यांदा रिळाजवळच्या गाईडवर.