एकच गीता, इतक्या प्रती कशा?

आमच्या सोसायटीतली एक मुलगी रोज ठाण्याहून घणसोलीला नोकरीला जाते. मध्यंतरी तिने विचारलं, "काका, गीता वाचायची आहे. कोणती घेऊ?" ग्रंथालयाच्या कपाटापुढे उभी राहून ती बिचारी गोंधळून परत आली होती. एक प्रत बोटाएवढी, एक विटेएवढी. एकीत नुसत्या ओव्या, तर दुसरीत पानंच्या पानं वाद. "मूळ तर एकच आहे ना?"

मूळ एकच आहे. सातशे श्लोकांचं. पण ते मराठी माणसाच्या हाती एकदाच आलं नाही, आणि दरवेळी आणणाऱ्याने आपला दिवा पुढे धरून ते दाखवलं.

पहिला दिवा शके १२१२चा, म्हणजे इसवी सन १२९०चा. नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीतेवर सुमारे नऊ हजार ओव्यांची टीका सांगितली. (टीका म्हणजे तेव्हा उलगडा. आता हा शब्द ऐकला की भांडणच आठवतं.) आज आपण त्याला 'सोपं करून सांगणं' म्हणू, पण प्रश्न फक्त सोपेपणाचा नव्हता. संस्कृत येत नव्हतं एवढंच कारण नव्हतं. वेद ऐकण्याचा अधिकारच स्त्रियांना आणि शूद्रांना नाकारलेला होता. अठराव्या अध्यायात ज्ञानेश्वर हे आडवळणाने सांगत नाहीत. वेद स्वतःच्या जागी संपन्न खरा, पण त्याच्यासारखा कंजूष दुसरा नाही, कारण तो तीनच वर्णांच्या कानी लागला. आपलं हे उणेपण भरून काढायला तोच गीतेच्या रूपाने पुन्हा बाहेर आला, असं ते म्हणतात. सातशे वर्षांपूर्वी, देवळाच्या आवारात बसून, वेदाला कंजूष म्हणायचं! मला तरी हे वाक्य सगळ्या इतिहासाची किल्ली वाटतं.

पुढच्या तीनशे वर्षांत ही टीका हातांनी उतरवली जात राहिली. लेखनिक चुकले, हौशींनी पदरच्या ओव्या घातल्या. पैठणच्या एकनाथांनी १५८४मध्ये प्रती ताडून शुद्ध पाठ तयार केला, आणि यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजा, अशी तंबीही देऊन ठेवली. हे एकनाथ म्हणजे भागवताचा अकरावा स्कंध मराठीत आणणारे. तो ग्रंथ १५७३मध्ये पुरा झाला तो काशीत. प्राकृतात, म्हणजे मराठीत, लिहिलं म्हणून तिथल्या पंडितांनी त्यांना जाब विचारायला बोलावलं होतं, अशी परंपरा सांगते.

मग छापखाना आला आणि एक गंमत झाली. छापील गीता इंग्रजीत १७८५मध्येच लंडनला निघाली होती. भाषांतर चार्ल्स विल्किन्सचं. शंभर वर्षांनी मुंबईत शिकलेली पिढी आपलेच ग्रंथ इंग्रजीतून नव्याने पाहू लागली. ऑक्सफर्डहून मॅक्स म्युलर या संस्कृत पंडिताने काढलेल्या पूर्वेकडच्या धर्मग्रंथांच्या मालेत १८८२ साली गीतेचं जे भाषांतर आलं, ते काशिनाथ त्र्यंबक तेलंगांचं, पुढे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले त्या. मराठीकडे वळणारेही होते. शंकर पांडुरंग पंडितांनी १८७६पासून 'वेदार्थयत्न' नावाने ऋग्वेदाचा अर्थ मराठीत छापायला घेतला. वेद छापायचा, तोही प्राकृतात, आणि वर्गणी भरील त्याच्या घरी पाठवायचा. कंजूषपणा संपण्याची ही दुसरी पायरी.

आमच्या ठाण्याचा इथे संबंध येतो. १ जून १८९३ रोजी विनायक लक्ष्मण भाव्यांच्या पुढाकाराने ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं. भावे तेव्हा विशीत होते. पुढे 'महाराष्ट्र सारस्वत' लिहून जुन्या मराठी कवींचा इतिहास मांडणारे तेच. जुन्या पोथ्या शोधायच्या, छापायच्या आणि वाचायला ठेवायच्या, हा त्यांचा ध्यास. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात विवेकानंद शिकागोत बोलले. त्याचा गाजावाजा जगभर झाला, ठाण्यातल्या कपाटांचा झाला नाही. तरी संत कवींची पोथी देव्हाऱ्यातून टेबलावर आली ती अशा कपाटांमुळे.

टिळकांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात १९१०–११च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहिलं. छापून आलं १९१५मध्ये. गीता संन्यास नव्हे, कर्म सांगते, हा त्यांचा दावा, आणि तो शंकराचार्यांशी भांडून मांडलेला. विटेएवढी प्रत ती हीच. विनोबांची वाट वेगळी. संस्कृत कळत नाही, मराठीतली गीता आणून दे, असं आईने सांगितलं. आणून दिली ती अवघड वाटली, तेव्हा तूच का नाही करत, असं ती म्हणाली. आई १९१८मध्ये गेली. गीतेचं हे मराठी रूप, 'गीताई', त्यांनी १९३०मध्ये लिहायला घेतलं. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी कैद्यांसमोर दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. गीतेवरची दोन मोठी मराठी पुस्तकं तुरुंगात तयार व्हावीत, याला योगायोग म्हणावं की काय ते ज्याने त्याने ठरवावं.

यानंतर पुस्तकाबाहेरचा टप्पा, आणि तो पुन्हा ठाण्यातला. रोह्याचे पांडुरंगशास्त्री आठवले आधी मुंबईत माधवबागेतल्या गीता पाठशाळेत बोलत. ती त्यांच्या वडिलांनी १९२६मध्ये काढलेली. १९५६मध्ये ठाण्यात त्यांचं तत्त्वज्ञान विद्यापीठ उभं राहिलं. आज घोडबंदर रोडवरून टॉवर पाहत जाणाऱ्यांच्या ते लक्षातही येत नाही. त्यांच्या स्वाध्याय चळवळीत वाचण्यापेक्षा लोकांकडे जाण्यावर भर: भक्तिफेरीने गावोगाव जायचं, कोळीवाड्यात जायचं. कोळ्यांनी मिळून चालवलेली 'मत्स्यगंधा' होडी ही गीतेवरची टीकाच म्हणायची, फक्त ओव्यांशिवाय.

तेव्हा त्या मुलीला मी सांगितलं: गाडीत उभ्याने वाचायला गीताई घे, अर्थासाठी ती धुळ्याची प्रवचनं. टिळक सुट्टीत, हाताशी वही ठेवून. ज्ञानेश्वरी तिच्या आजीकडे लाल फडक्यात आहेच. तिचा अठरावा अध्याय शेवटाकडून उघड, म्हटलं, कंजूष वेदाच्या ओवीपाशी.