पुट्टीचं वय आणि बारीक नक्षीकाम

28 मिलिमीटर उंचीच्या सैनिकाच्या प्रतिकृतीवर पट्ट्याचं बक्कल जेमतेम 1 मिलिमीटरचं असतं. तेवढ्या जागेत स्वच्छ कडा उमटवायची, तर हत्याराइतकंच पुट्टीचं वयही सांभाळावं लागतं. ही पुट्टी दोन भाग मळून तयार होते आणि हळूहळू घट्ट होत जाते; तिचं वय म्हणजे ते दोन भाग एकत्र मळल्यापासून गेलेली मिनिटं.

इपॉक्सी पुट्टीच्या एका भागात रेझिन असतं, दुसऱ्यात हार्डनर. रेझिनच्या रेणूंच्या टोकांना दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचं ताणलेलं त्रिकोणी कडं असतं. हार्डनरचे रेणू, बहुधा अमाइन गटाचे, ते कडं उघडून तिथे जोडले जातात आणि हळूहळू सगळीकडे जाळं विणलं जातं. या क्रियेत पाणी उडून जात नाही. म्हणून पुट्टी वाळणाऱ्या मातीसारखी आकसत नाही, तडकत नाही आणि उमटवलेला तपशील जसाच्या तसा राहतो.

ग्रीन स्टफ या नावाने मिळणाऱ्या पुट्टीची पट्टी निळी-पिवळी असते. दोन रंग जिथे टेकतात तिथली कड आधीच घट्ट झालेली असते. दोन्ही बाजूंनी मिळून साधारण 2 मिलिमीटर कापून टाका, नाहीतर मळलेल्या गोळ्यात खडे लागतात आणि ते नेमके चेहऱ्यावरच येतात. निळा आणि पिवळा भाग समान घेऊन रेषा पूर्ण नाहीशा होईपर्यंत, म्हणजे चार-पाच मिनिटं, मळा. काम मोहरीएवढं असलं तरी मिश्रण वाटाण्याएवढं करा. दोन्ही भागांच्या गोळ्या करून नजरेने माप घेताना एकीचा व्यास 10 टक्क्यांनी जास्त झाला, तर घनफळ 33 टक्क्यांनी वाढतं. 2 मिलिमीटरच्या गोळीत हा फरक अवघा 0.2 मिलिमीटरचा, डोळ्याला न दिसणारा. पिवळा भाग मुद्दाम थोडा वाढवला तर पुट्टी मऊ आणि चिकट राहते, निळा वाढवला तर कडा अधिक तीक्ष्ण येतात.

मळल्यावर पहिली वीस मिनिटं पुट्टी हत्यारालाच जास्त चिकटते. हा वेळ तिला प्रतिकृतीवर बसवण्यासाठी आणि ढोबळ आकारासाठी वापरा. साधारण 20 अंश सेल्सिअसला तीस ते साठ मिनिटांचा काळ सर्वात मोलाचा. केसाळ कातडं याच काळात करावं: अर्धा मिलिमीटर जाडीचा थर लावून खालच्या ओळीपासून सुरुवात करायची, हत्याराच्या टोकाने केस ओढायचे आणि वरची ओळ खालच्या ओळीच्या मुळांवर चढवायची. वरून खाली आलात तर आधीचे केस हाताखाली चेपले जातात. दोरीसाठी पुट्टीच्या दोन वळ्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या दोन तुकड्यांमध्ये फिरवून सारख्या जाडीच्या करा आणि पाऊण तासाच्या सुमारास एकमेकींभोवती पिळा. लवकर पिळल्या तर त्या एकजीव होतात, उशीर झाला तर पीळ उलगडतो. फडफडणाऱ्या कापडासाठी पुट्टीची पातळ चादर तासाभराने, वाकेल पण ओघळणार नाही अशा वेळी, घडी घालून बसवावी.

दीड तासानंतर जाळं इतकं विणलेलं असतं की दाबलेली रेष थोडी परत उसळते. तेव्हा नवं काही कोरू नये, फक्त कडा धारदार करून घ्याव्यात. पुढचं काम पूर्ण घट्ट झाल्यावर, 24 तासांनी. एकाच बैठकीत सगळं उरकण्याच्या नादात बोट लागून तासाभराची मेहनत चेपते. म्हणून कपडे, मग पट्टा, मग बक्कल असे थर वेगवेगळ्या दिवशी करणंच उत्तम. वय कळण्यासाठी मिश्रणातला एक तुकडा बाजूला ठेवा आणि प्रतिकृतीऐवजी त्याला नख लावून पाहा. तापमान 10 अंशांनी वाढलं की क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते, त्यामुळे उन्हाळ्यात वरची मिनिटं अर्धी धरावीत.

प्रत्येक पुट्टीचा स्वभाव वेगळा. ग्रीन स्टफ घट्ट झाल्यावरही किंचित रबरासारखी राहते. ती पातळ कडांवर तुटत नाही, पण पॉलिश पेपरने घासली तर तंतू निघतात. मिलिपुट ही दुसरी इपॉक्सी पुट्टी कडक होते, छान घासता येते आणि ओली असताना पाण्यात विरघळते, म्हणून ओल्या ब्रशने तिचे सांधे पुसून टाकता येतात. चिलखत, तलवारीची पाती अशा सपाट, धारदार गोष्टींना ती हवी. दोन्ही समभाग मिसळल्यास मधला गुण मिळतो. हत्यार चिकटू नये म्हणून पाणी पुरतं. पेट्रोलियम जेली वापरलीच, तर ती साबणाच्या पाण्याने धुऊन काढा, कारण तिच्या थरावर पुढची पुट्टी आणि रंग धरत नाहीत.

पुट्टी सुटून येण्याचं आणखी एक कारण साच्यातून आलेला तेलकट थर. काम सुरू करण्याआधी प्रतिकृती कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन ती जागा थोडी खरवडा. न घट्ट झालेल्या रेझिन आणि हार्डनरमुळे त्वचेची कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते, म्हणून नायट्राइलचे हातमोजे घालावेत. घासताना पॉलिश पेपर ओला ठेवावा, म्हणजे धूळ उडत नाही.

दुसऱ्या दिवशीही पुट्टी चिकटच राहिली, तर प्रमाण चुकलं किंवा मळणं अपुरं पडलं. अंगठ्याची खूण उमटत असेल तर ती आणखी थांबून सुधारत नाही. ती खरवडून काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसा आणि ताज्या मिश्रणाने पुन्हा सुरुवात करा.