सासऱ्याने जावयासाठी बांधलेला चौक

ईशान्य फ्रान्समधल्या नाँसी शहराचा स्तानिस्लास चौक आज सोनेरी मुलाम्याच्या जाळीदार फाटकांसाठी ओळखला जातो. त्याचा जन्म मात्र एका राजकीय तडजोडीतून झाला.

स्तानिस्लास लेश्चिन्स्की पोलंडच्या गादीवर दोनदा बसला आणि दोन्ही वेळा पायउतार झाला. त्याची मुलगी मारी १७२५ मध्ये फ्रान्सच्या पंधराव्या लुईला दिलेली, हीच त्याची खरी पुंजी. पोलंडच्या वारसायुद्धाचा निकाल लावताना १७३७ मध्ये त्याला लोरेनची जहागीर मिळाली. त्याच्या मृत्यूनंतर ती फ्रान्सकडे जाणार, हे आधीच ठरले होते. लोरेनचा मूळ ड्यूक फ्रान्सिस याची बोळवण टस्कनी देऊन झाली. प्रजेला अर्थातच कोणी विचारले नाही. कारभारसुद्धा लुईचा माणूस ला गालेझिएर बघायचा. नामधारी राजाकडे उरली ती बांधकामाची हौस.

नाँसीचे जुने गाव आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस वसवलेले नवे गाव यांच्यामध्ये तटबंदी होती. त्या मधल्या जागेत वास्तुविशारद एमॅन्युएल एरे याने १७५२ ते १७५५ या काळात चौक उभारला आणि दोन्ही गावे जोडली. लोखंडी फाटके जाँ लामूरची, कारंजी बार्तेलेमी गिबालची. उत्तरेकडच्या इमारती बाकीच्यांपेक्षा बुटक्या दिसतात त्या सौंदर्यदृष्टीमुळे नव्हे. बुरुजांवरच्या तोफांच्या माऱ्याला अडथळा नको, हे त्यामागचे कारण. याच बाजूने एरेच्या विजयकमानीखालून लांबट कारियेर चौकात जाता येते. जवळच्या आलियांस चौकाचे नाव १७५६ च्या फ्रान्स-ऑस्ट्रिया मैत्रीकराराचे. ऑस्ट्रियाची महाराणी ही लोरेन गमावलेल्या फ्रान्सिसचीच बायको, त्यामुळे त्या नावाला जरा गंमतीची किनार आहे.

मधोमध पुतळा होता तो अर्थात जावयाचा. चौकाचे नावही 'राजचौक'. म्हाताऱ्या सासऱ्याच्या अंगरख्याने शेकोटीजवळ पेट घेतला आणि १७६६ च्या फेब्रुवारीत तो गेला. लोरेन ठरल्याप्रमाणे फ्रान्समध्ये विलीन झाले. क्रांतीत लुईचा पुतळा फोडला गेला. त्या जागी १८३१ मध्ये स्तानिस्लासचा पुतळा बसला आणि चौकालाही त्याचेच नाव मिळाले. परक्यांनी लादलेला हा राजा तोवर गावाचा लाडका झाला होता. आता तर लोक चौकाला लाडाने नुसते 'प्लास स्तान' म्हणतात.

हे तिन्ही चौक १९८३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. स्तानिस्लास चौकातून मोटारी हटल्या त्या २००५ मध्ये, अडीचशेव्या वर्षी.